लूर्ड्सच्या यात्रेस निघण्यापूर्वी

फेब्रुवारीच्या ११ तारखेस लूर्ड्स मातेचा सण येतो. आपल्याकडे कितीतरी चर्चच्या आवारांत दगडांची किंवा सिमेंटची एक लहानशी गुहा उभारलेली असते. तीत निळ्या कमरपट्ट्याची शुभ्रवस्त्रा माता उभी असते आणि खाली बर्नादेत गुडघे टेकून बसलेली असते. लहानपणापासून या गुहेपुढे मेणबत्त्या लावणाऱ्या माणसास मूळची गुहा एकदा तरी डोळ्यांनी पाहावी असे वाटले तर नवल नाही. वर्षानुवर्षे पैसा बाजूला टाकून आता पुष्कळ कुटुंबे ही यात्रा करू लागली आहेत. कोणी यात्रेकरूंच्या संघाबरोबर जातात, तर कोणी मुलाच्या किंवा पुतण्याच्या भरवशावर आपले आपण निघतात. या दुसऱ्या प्रकारच्या यात्रेकरूंसाठी चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हा लेख लिहीत आहे.

निघताना बहुतेकजण म्हणतात, "इंग्रजी येते ना, मग चिंता कसली?" मीही तसेच म्हणालो होतो. काही वर्षांपूर्वी मी माझ्या मावशींना घेऊन लूर्ड्सला गेलो. मावशी बेळगाव जिल्ह्यातील एका खेड्यात राहणाऱ्या. इंग्रजी त्यांना येत नाही. निघण्यापूर्वी गावच्या कॉन्व्हेंटमधील एका वृद्ध सिस्टरांकडून त्यांनी पाच फ्रेंच शब्द शिकून घेतले होते, आणि विमानात त्या जपमाळेबरोबर तेही घोकीत होत्या. मला त्याचे हसू येत होते.

पहिल्याच सकाळी आम्ही एका पावाच्या दुकानात शिरलो. मी स्वच्छ इंग्रजीत दोन पाव मागितले आणि गुहेकडे जाण्याचा रस्ता विचारला. दुकानदारीणबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि "बाँझूर, मस्यो" एवढेच म्हटले. ऐकू गेले नसेल असे समजून मी तोच प्रश्न जरा मोठ्याने विचारला. उत्तर तेच, फक्त आवाज अधिक थंड. इतक्यात मावशी पुढे झाल्या, त्यांनी हात जोडले आणि "बाँझूर, मादाम" म्हणून त्या हसल्या. बाईंचा चेहरा एकदम बदलला. पाव कागदात गुंडाळून त्या दुकानाबाहेर आल्या आणि आम्हांला रस्ता दाखविला. तोही चांगल्या इंग्रजीत!

म्हणजे बाईंना इंग्रजी येत होते. अडले होते ते दुसरीकडेच. आपल्याकडे वाण्याच्या दुकानापुढे उभे राहून "किलोभर साखर द्या" म्हटले तर कोणी रागावत नाही. म्हणून अशी सुरुवात चुकीची आहे हे आपल्या ध्यानातच येत नाही. फ्रेंच माणसाच्या लेखी मात्र दुकान हे दुकानदाराच्या घरासारखे. आत शिरणाऱ्याने प्रथम नमस्कार करावयाचा आणि मग कामाचे बोलावयाचे. हॉटेलातील लेखनिक, बसचा चालक, स्टेशनावरील खिडकीमागचा बाबू, औषधांचा दुकानदार, सर्वांना हा नियम सारखाच लागू आहे. तो न पाळणारा परदेशी माणूस त्यांना उद्धट वाटतो, आणि फ्रेंच लोक गर्विष्ठ आहेत अशी समजूत करून घेऊन तो परदेशी घरी परततो. दोघांचाही गैरसमज एका शब्दाने टळला असता.

तो शब्द 'बाँझूर'. यातला झ इंग्रजी 'प्लेझर' या शब्दातल्यासारखा मऊ म्हणावा. संध्याकाळ झाली की 'बाँस्वार'. पुढे पुरुषास 'मस्यो' आणि स्त्रीस 'मादाम' जोडावे. काही मागताना 'सिल व्हू प्ले' म्हणजे कृपा करून, मिळाल्यावर 'मेर्सी', गर्दीत धक्का लागला तर 'पार्दाँ', आणि निघताना, काही विकत घेतले नसले तरी, 'ओ रव्हार'. एवढे झाल्यावर 'पार्ले-व्हू आंग्ले?' म्हणजे 'आपणांस इंग्रजी येते काय?' असे विचारावे. हा प्रश्न विचारण्यापूर्वीच इंग्रजी सुरू करणे त्यांना रुचत नाही. नाकातील स्वरांची भीती बाळगू नये. कोकणी बोलणाऱ्या आपल्या गोव्याच्या बांधवांना तर ते घरचेच आहेत. शब्दाच्या शेवटची अक्षरे बहुधा मुकी असतात हे मात्र विसरू नये. आपण ज्यास 'लूर्ड्स' म्हणतो त्या गावाचे नाव तेथे 'लूर्द' असे उच्चारतात. गाडीतील घोषणेत 'लूर्ड्स' ऐकू येण्याची वाट पाहत बसलेला यात्रेकरू पुढच्या स्टेशनावर जाऊन पोहोचेल.

फ्रेंच शिष्टाचारातील एक गोष्ट इंग्रजास शिकावी लागते, पण मराठी माणसास ती जन्मतःच ठाऊक असते. इंग्रजीत राजास आणि भिकाऱ्यास एकच 'यू'. फ्रेंच भाषेत मात्र आपल्यासारखेच दोन शब्द आहेत: जवळच्यास आणि मुलास 'त्यू', म्हणजे तू; अनोळखी व आदरणीय माणसास 'व्हू', म्हणजे तुम्ही किंवा आपण. यात्रेकरूने सर्वांना 'व्हू'च म्हणावे. हॉटेलातील वाढप्यासही 'व्हू' आणि 'मस्यो' म्हणावे. जुन्या पुस्तकांतून वाचून त्यास 'गार्साँ', म्हणजे 'पोरा', अशी हाक मारणे आता अपमानकारक समजले जाते. प्रार्थनेतही हा भेद दिसतो. फ्रेंच लोक 'नमो मारिया' म्हणताना मातेस 'व्हू' म्हणतात. 'हे आमच्या बापा' ही प्रार्थना मात्र १९६६ पासून 'त्यू'ने म्हटली जाते.

आणि लूर्ड्सच्या कथेत तर या शब्दास फार मोठे स्थान आहे. १८५८ साली बर्नादेत सुबिरू ही चौदा वर्षांची मुलगी होती. तिचे कुटुंब इतके दरिद्री होते की गावच्या जुन्या बंदीखान्याच्या एका कोंदट खोलीत ते राहत असे. तिला वाचता येत नव्हते. शाळेची आणि सरकारची भाषा फ्रेंच, ती तिला नीट समजत नव्हती. तिची बोली म्हणजे त्या डोंगराळ मुलखातील गावरान भाषा. १८ फेब्रुवारीस तिसरे दर्शन झाले तेव्हा त्या स्त्रीने तिला, आपण कृपा करून पंधरा दिवस येथे याल काय, असे विचारले. ते तिच्याच बोलीत आणि 'आपण' म्हणून! आपल्याला कोणी असे संबोधिले याचे बर्नादेतला विशेष वाटले, आणि ही गोष्ट तिने आवर्जून सांगितली. पुढे २५ मार्चला त्या स्त्रीने आपण निष्कलंक गर्भसंभव आहोत असे सांगितले, तेही त्या बोलीतच. गुहेतील मूर्तीच्या पायाशी ते शब्द कोरलेले आहेत. शेजारच्या एका यात्रेकरूने ते फ्रेंच समजून मोठ्याने वाचण्याचा प्रयत्न केला आणि तो अडखळला. मला तो अर्थ ठाऊक होता म्हणून मी मावशींना सांगितला. त्या बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे तिला शाळेतली भाषा यायची वाट पाहिली नाही म्हण की!"

आता तयारीविषयी. भारतीय पारपत्रावर जाणाऱ्यास शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि निदान पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो. पण शेवटच्या दिवसांवर विसंबू नये, कारण उन्हाळ्यात अर्जांची गर्दी असते आणि बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः जावे लागते. पारपत्र दहा वर्षांच्या आत दिलेले आणि परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू राहणारे असावे. ३०,००० युरोंच्या उपचारखर्चाची हमी देणारा प्रवासविमा व्हिसासाठी आवश्यकच आहे. वृद्ध माणूस बरोबर असेल तर त्या कागदाचा कंटाळा करू नये. औषधे मूळ वेष्टनात न्यावीत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहून घ्यावे. आपल्याकडील व्यापारी नावे तेथील दुकानदारास कळत नाहीत. औषधांचे दुकान हिरव्या क्रुसाच्या खुणेवरून ओळखावे. संकटकाळी दूरध्वनीवर ११२ हा क्रमांक फिरवावा.

ऋतूही पाहून घ्यावा. यात्रेचा मुख्य हंगाम ईस्टरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत. हिवाळ्यात पुष्कळ हॉटेले बंद असतात. १५ ऑगस्टच्या सुमारास सारा फ्रान्स तेथे लोटतो, तेव्हा महिनोनमहिने आधी जागा ठरवावी. गाव पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी, सुमारे ४२० मीटर उंचीवर आहे. जूनमध्येही पाऊस येतो आणि रात्री गारठा पडतो. छत्री, शाल आणि चालण्यास सोयीचे जोडे हवेतच.

पॅरिसहून लूर्ड्सकडे जाणारी जलद गाडी माँपार्नास स्टेशनावरून सुटते आणि सुमारे पाच तास घेते. विमानतळ शहराच्या एका टोकास आणि हे स्टेशन दुसऱ्या बाजूस, म्हणून विमानातून उतरून त्याच दिवशी गाडी पकडण्याची धडपड करू नये. रात्री पॅरिसला मुक्काम केल्यास रू द्यु बाक येथील चमत्कारी पदकाच्या मठमंदिराचेही दर्शन होईल. ते स्टेशनापासून फार दूर नाही. गाडीचे आरक्षण आधी केल्यास भाडे पुष्कळ कमी पडते. 'व्वा' म्हणजे फलाट, 'व्वात्यूर' म्हणजे डबा आणि 'सोर्ती' म्हणजे बाहेर जाण्याचा मार्ग. फलाटाचा आकडा गाडी सुटण्याच्या थोडाच वेळ आधी फळ्यावर येतो, तेव्हा घाबरे होऊ नये. 'ग्रेव्ह' हा शब्द दिसला तर संप आहे असे समजावे; तो त्या देशात दुर्मीळ नाही. डब्यात आपला गावाकडचा आवाज जरा आवरावा. आम्ही दोघे सहज बोलत होतो, तर पुढच्या तीन बाकांवरची माणसे वळून पाहू लागली.

जेवणाची वेळ ठरलेली असते: दुपारी बारा ते दोन, रात्री सातनंतर. मधल्या वेळी भूक लागली तर पावाचे दुकान गाठावे. 'मेन्यू' याचा अर्थ तेथे ठराविक किमतीचे पूर्ण जेवण असा होतो, आणि 'आँत्रे' हा पहिला लहान पदार्थ असतो. मांस नको असेल तर 'साँ व्याँद' म्हणावे. 'काराफ दो' मागितल्यास नळाचे पाणी फुकट मिळते आणि ते पिण्यास योग्य असते. सेवेचा आकार किमतीतच धरलेला असतो. वर काही ठेवणे ऐच्छिक आहे. जेवण आटोपले तरी बिल आपण होऊन आणीत नाहीत, कारण पाहुण्यास उठविणे त्यांना असभ्य वाटते. 'लादिस्याँ, सिल व्हू प्ले' म्हणावे. हे ठाऊक नसल्याने पहिल्या रात्री आम्ही पाऊण तास रिकाम्या ताटांपुढे बसून होतो.

तीर्थस्थानाच्या आवारात मात्र इंग्रजी जाणणाऱ्याची सहसा अडचण होत नाही. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, इंग्रजी, जर्मन आणि डच अशा सहा भाषांत तेथील व्यवहार चालतो. पापनिवेदन इंग्रजीत करता येते. हंगामात बुधवारी आणि रविवारी सकाळी साडेनऊ वाजता संत दहावे पायस यांच्या भूमिगत बासिलिकेत आंतरराष्ट्रीय मिस्सा होते. सायंकाळी पाचला पवित्र साक्रामेंताची मिरवणूक आणि रात्री नऊला मेणबत्त्यांची मिरवणूक निघते. कागदी आवरणाची मेणबत्ती जवळच्या दुकानांत मिळते. जपमाळेची रहस्ये निरनिराळ्या भाषांत म्हटली जातात आणि 'आवे'च्या ओळीस सर्वजण मेणबत्त्या उंच धरतात. गुहेपाशी पूर्ण शांतता पाळावी. चाकांच्या खुर्च्यांतून आणि लहान निळ्या गाड्यांतून आजाऱ्यांना आणतात. त्यांना सर्वत्र पुढे जाऊ द्यावे, छायाचित्रासाठी त्यांची वाट अडवू नये.

स्नानकुंडांविषयी आधी चौकशी करावी. २०२० च्या महामारीत पाण्यात उतरविणे थांबविले गेले आणि त्याऐवजी ओंजळीत पाणी घेऊन हात व तोंड धुणे आणि थोडे पिणे असा विधी सुरू झाला. कोणत्या दिवशी काय चालते हे तेथील कचेरीत विचारावे, अर्थात 'बाँझूर' म्हणून!

झऱ्याचे पाणी नळांवर विनामूल्य मिळते. घरच्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी आणि गावच्या फादरांसाठी म्हणून मावशींनी सहा बाटल्या भरल्या. विमानात हातातल्या पिशवीतून १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली नेता येत नाही, तेव्हा पाणी मोठ्या बॅगेतच ठेवावे. बाटली प्लास्टिकची घ्यावी, बूच घट्ट लावून वर पिशवी बांधावी आणि तिच्याभोवती कपडे गुंडाळावेत. आमच्या सहांपैकी पाच घरी पोहोचल्या. सहावी मावशींच्या नव्या लुगड्यात फुटली. ते लुगडे त्यांनी अद्याप धुतलेले नाही.