लालबागचा मुदपाकखाना आणि आपले नुस्ते

इंदूरचा लालबाग राजवाडा पाहायला जाणाऱ्यांना झुंबरे, संगमरवरी खांब आणि रंगवलेली छते दाखवली जातात. या वाड्याचा मुदपाकखाना मात्र वाड्यात नव्हता. तो खान नदीच्या पैलतीरावर होता आणि भुयारी मार्गाने वाड्याशी जोडलेला होता. १८८६ मध्ये, दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या अखेरच्या काळात, सुरू झालेले हे बांधकाम तिसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीत १९२१ साली पुरे झाले. अशा रचनेत चुलीचा धूर आणि गडबड पाहुण्यांपासून दूर राहते, हे खरे. परंतु चूल आणि ताट यांच्यामध्ये एक नदीही येते.

आवडीचे जेवण दुसऱ्याबरोबर वाटून खायचे म्हटले की हेच अंतर प्रथम आडवे येते. काही पदार्थ ते सहज सोसतात, काहींना ते मुळीच सोसत नाही. माळव्यातील मराठी माणसांचे ताट आणि गोव्यातील आपले ताट शेजारी ठेवून पाहिले, तर हा भेद स्पष्ट होतो.

मल्हारराव होळकरांच्या काळात, अठराव्या शतकात, मराठे माळव्यात स्थिरावले. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झाली आणि दरबाराच्या आश्रयाने मराठी कुटुंबे तेथे वाढली. आज इंदूरची सकाळ पोहे-जिलेबीने होते. तेथील पोहे वाफेवर गरम ठेवतात. वर बारीक शेव, बडीशेप, कांदा, लिंबू आणि जिरावण नावाचा आंबट-तिखट मसाला घालतात. रात्री सोन्याचांदीची दुकाने बंद झाल्यावर सराफ्यात खाण्याचा बाजार भरतो. तेथे साबुदाण्याची खिचडी शेव-मसाला घालून विकली जाते. आपल्या घरात उपवासाला होणारा हा पदार्थ तेथे मध्यरात्रीच्या चवीचा झाला आहे.

पोहे आणि साबुदाणा यांनाच हे भाग्य का लाभले, याचे उत्तर त्यांच्या घडणीत आहे. भात भिजवून, भाजून, कुटून चपटा केला की पोहे होतात. ते जवळजवळ शिजलेलेच असतात आणि त्यांच्यातील ओलावा निघून गेलेला असतो. ओलावा नसला की बुरशी आणि जिवाणू यांना थारा मिळत नाही. म्हणून पोहे महिनोन्‌महिने टिकतात, गाडीतून जातात आणि जेथे पोहोचतील तेथील मसाला अंगी लावून घेतात. गोव्यात नरकचतुर्दशीच्या सकाळी घरोघरी दुधातले, रोसातले, ताकातले, बटाट्याचे असे नाना प्रकारचे फोव होतात आणि नातलग एकमेकांच्या घरी ते खायला जातात. कोरडा दाणा एकच. इंदूरने त्यावर शेव घातली, आपण नारळाचा रस घातला.

गोवा आणि इंदूर यांना जोडणारे एक नाव सर्वांच्या परिचयाचे आहे. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर यांच्या कन्या लता मंगेशकर यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूरला झाला. सूर इतक्या लांब सहज जातो. मंगेशीच्या परिसरातील नुस्त्याला मात्र तो प्रवास त्या काळी शक्य नव्हता.

मासळीचे शास्त्र पोह्यांच्या अगदी उलट आहे. तिच्या अंगात पाणी भरपूर असते आणि मांस कोवळे असते. मासा मेल्याबरोबर त्याच्या शरीरातील पाचक द्रव्ये स्वतःच्याच मांसावर काम करू लागतात आणि कल्ल्यांतील व आतड्यांतील जिवाणू पसरतात. बांगड्यासारख्या तेलकट माशाची चरबी हवेने लवकर खवट होते. शिवाय बांगडा आणि कुपा हे मासे उन्हात पडून राहिले, तर त्यांच्यात हिस्टामिन नावाचे द्रव्य साठते. त्यामुळे अंगावर गांधी येतात, चेहरा लाल होतो, उलट्या होतात. ते शिजवण्याने जात नाही. म्हणून शिळ्या बांगड्यावर तिरफळे आणि मिरची घालून भागत नाही. पकडल्यापासून ताटापर्यंत बर्फ हाच उपाय, आणि उष्ण हवेत तो मासळीच्या वजनाइतका तरी लागतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या शहरात ही साखळी एका ठिकाणी तुटली तरी सगळे व्यर्थ जाते.

माळव्याचेही असे ‘नुस्ते’ आहे, ते म्हणजे भुट्ट्याचा कीस. कोवळी कणसे किसून, मोहरी-मिरचीच्या फोडणीत परतून, दुधात शिजवलेला हा पदार्थ. कणीस तोडले की त्यातील साखरेचे पिष्ट होऊ लागते आणि गोडवा तासागणिक उतरतो. त्यामुळे खरा कीस पावसाळ्यात, शेताजवळच्या बाजारातली कणसे आणून करावा लागतो. उकडून मग गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले बाफलेही तुपात बुडवल्यावर लगेच खाण्याचे. ही चव डब्यातून येत नाही. लालबागच्या आवारात भरणाऱ्या मालवा उत्सवासारख्या मेळ्यात तव्यासमोर उभे राहून खाण्यात जी गोडी आहे, ती याच कारणाने आहे. तेथे मध्ये नदी नसते.

तात्पर्य असे, की जे टिकते ते पाठवता येते. जे ताजे असते त्यासाठी माणसालाच यावे लागते. आपल्या पूर्वजांना हे नेमके ठाऊक होते. पावसाळ्यापूर्वी पुरुमेंत भरताना त्यांनी सुके बांगडे, सुकी सुंगटे, सोलां, मिरची साठवली. परगावच्या लेकीला पाठवायची ती हीच शिदोरी. ताज्या इसवणाचे हुमण मात्र ती घरी आली की व्हायचे. पाठवण्याचे पदार्थ आणि बोलावण्याचे पदार्थ अशी ही विभागणी होती.

आज ती पुसट झाली आहे. बर्फाच्या गाड्यांमुळे दूरची मासळी गोव्याच्या बाजारात येते आणि ताजी म्हणून विकली जाते. २०१८ च्या जुलैमध्ये परराज्यातून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या शंकेने राज्य हादरले आणि सरकारला काही काळ आयात थांबवावी लागली. फॉर्मेलिन हे मृतदेह टिकवण्यासाठी वापरले जाणारे रसायन. अन्नात त्याला मुळीच परवानगी नाही. ज्याला अंतर सोसत नाही त्याला बळेच अंतर सोसायला लावले, की अशा पळवाटा शोधल्या जातात. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. त्याच दिवसांत रोज ताजे नुस्ते हवेच हा आग्रह धरला, तर ते कोठून तरी, कसे तरी आणले जाणारच.

म्हणून परगावचा स्नेही जेवायला येणार असेल, तर प्रथम ऋतू पाहावा. बाजारात माशाचे डोळे स्वच्छ व फुगीर आहेत का, कल्ले लाल आहेत का, बोटाने दाबलेले मांस पुन्हा वर येते का, हे पाहावे. रापणीचे किंवा खाडीचे मिळाले तर उत्तमच. जूनमध्ये पाहुणा आला, तर संकोच न करता सुक्या सुंगटांची किसमूर आणि सोलांची कढी वाढावी. तेच त्या दिवसांचे खरे गोव्याचे जेवण आहे. इंदूरला परतताना त्याच्या पिशवीत सोलां द्यावीत आणि त्याने आणलेले जिरावण एखाद्या सकाळी आपल्या फोवांवर घालून पाहावे. हुमणासाठी मात्र त्याला ऑगस्टनंतर पुन्हा बोलवावे.