१२३४५६७८९८७६५४३२१ : एका डेम्लो संख्येचे गणिती गुणधर्म

प्रस्तावना

देवळाली येथे १९३० ते १९६२ या काळात शालेय शिक्षक म्हणून सेवा केलेले गणितज्ञ द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) हे प्रामुख्याने ६१७४ या स्थिरांकामुळे ओळखले जातात. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्या कार्याचा परिचय करून दिल्यावर त्यांची कीर्ती जगभर पसरली. तथापि, असे संशोधन म्हणजे अंकांची करमणूक होय, असा आक्षेप घेतला जातो. त्यांनीच अभ्यासलेल्या डेम्लो संख्यांपैकी एका सतरा अंकी संख्येच्या आधारे या आक्षेपाचा येथे विचार केला आहे. 'डेम्लो' हे नाव त्यांनी डोंबिवली रेल्वे स्थानकावरून दिले.

संख्येची रचना

११² = १२१, १११² = १२३२१; याच क्रमाने नऊ एककांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. गुणाकार मांडताना १११११११११ ही संख्या दर ओळीत एक घर डावीकडे सरकते. त्यामुळे स्तंभांच्या बेरजा १ पासून ९ पर्यंत चढतात व पुन्हा १ पर्यंत उतरतात. कोणतीही बेरीज नऊपेक्षा अधिक नसल्याने हातचा येत नाही.

दहा एकक घेतल्यास मधल्या स्तंभाची बेरीज १० होते, हातचा येतो आणि वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा मिळतो. येथे सममिती भंग पावते. दोनदा हातचा आल्याने, व प्रत्येक हातच्यागणिक अंकांची बेरीज ९ ने घटत असल्याने, ती १०० ऐवजी ८२ भरते.

अवयव व हर्षद गुण

१११११११११ = ३² × ३७ × ३३३६६७. म्हणून प्रस्तुत संख्या ३⁴ × ३७² × ३३३६६७² इतकी असून तिला (४+१)(२+१)(२+१) = ४५ विभाजक आहेत.

आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येस कापरेकरांनी 'हर्षद' म्हटले. या संख्येतील अंकांची बेरीज ८१, म्हणजेच ३⁴ आहे. अर्थात ती हर्षद ठरते. एक ते नऊ एककांच्या नऊ वर्गांपैकी १, १२३२१ व ही संख्या, अशा तीनच संख्या हर्षद आहेत. उदाहरणार्थ, १२१ च्या अंकांची बेरीज ४ असून ४ ने १२१ ला भाग जात नाही.

निष्कर्ष

पूर्ण वर्ग असणे, मूळ अवयव व विभाजकांची संख्या हे गुणधर्म कोणत्याही लेखनपद्धतीत अबाधित राहतात. उलटसुलट सारखे वाचले जाणे व हर्षद असणे हे मात्र दशमान लेखनाशी निगडित आहे. १२१ ही संख्या द्विमान पद्धतीत ११११००१ अशी लिहिली जाते व तिची सममिती नाहीशी होते. तिचे वर्गत्व मात्र कायम राहते. यास्तव उपरोक्त आक्षेप अंशतः मान्य करावा लागतो. परंतु आकृतिबंध नवव्या पायरीपर्यंतच का टिकतो, याचा शोध घेताना विद्यार्थ्यास स्थानिक किंमत, हातचा व विभाज्यता यांचे मर्म उमगते. कापरेकरांच्या कार्याचे शैक्षणिक मूल्य यातच आहे.