महिला राखीव वॉर्डात अंजलीचा अर्ज

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत छाननीचा दिवस म्हणजे धाकधुकीचा दिवस. कुणाची घरपट्टी थकलेली, कुणाचे तिसरे अपत्य निघते, आणि अर्ज उडतो. 31 डिसेंबर 2020 रोजी जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथील एक अर्ज मात्र वेगळ्याच कारणाने उडाला. उमेदवार अंजली गुरू संजना जान या तृतीयपंथी. त्यांनी अर्जात स्वतःची नोंद स्त्री म्हणून केलेली. वॉर्ड सर्वसाधारण महिलांसाठी राखीव. तृतीयपंथीयांना ग्रामपंचायतीत आरक्षण नाही, सबब अर्ज नामंजूर.

अधिकाऱ्याने पुस्तक पाहूनच निर्णय दिला, असे म्हणता येईल. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 चा. त्यात राखीव जागा महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना, मागासवर्गाला. तृतीयपंथीयांचा वेगळा रकाना त्यात नव्हता. पण रकाना नाही म्हणून माणूसच नाही, असे कसे होईल?

अंजली गप्प बसल्या नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात त्यांनी धाव घेतली. न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी 2 जानेवारी 2021 रोजी निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाचा 2014 चा निर्णय आणि तृतीयपंथी व्यक्तींसंबंधीचा 2019 चा केंद्रीय कायदा यांचा आधार घेऊन त्यांनी अर्ज मान्य करायला सांगितले. मात्र यापुढे सोयीप्रमाणे पुरुष म्हणून हक्क सांगता येणार नाही, हेही बजावले. तसा शब्द अंजलींनी कोर्टात दिलाच होता. 15 जानेवारीला मतदान झाले, 18 ला मोजणी झाली, आणि अंजली निवडून आल्या. कोर्टाने उभे राहू दिले, निवडून दिले ते गावाने.

गावाला हे अगदीच नवे नाही. सोलापूर जिल्ह्यातील तरंगफळ गावाने 2017 सालीच ज्ञानदेव ऊर्फ माऊली कांबळे या तृतीयपंथीयाला थेट सरपंच केले होते.

मत मिळाले, पण जमिनीचे काय? खरी गाठ तिथेच आहे. बाप वारला की भावकी तलाठ्याकडे जाते. ‘तो कवाच घर सोडून गेला, त्याचं नाव कशाला?’ असे सांगून वारस नोंदीतून एक नाव गाळले जाते. इथे कायदा काय म्हणतो ते नीट ध्यानात घ्यावे. हिंदू वारसा कायदा 1956 प्रमाणे मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखाच. तेव्हा तृतीयपंथी अपत्याला मुलगा म्हणा की मुलगी म्हणा, हिस्सा कमी होत नाही. कलम 28 प्रमाणे रोग, व्यंग किंवा कायद्यात न सांगितलेल्या इतर कोणत्याही कारणाने वारसाला अपात्र ठरवता येत नाही. घर सोडले, गुरूकडे राहिला, म्हणून सात-बारावरचा हक्क जात नाही. 2019 च्या कायद्यानेही आई-बापाच्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे.

उत्तर प्रदेशात गोष्ट आणखी अवघड होती. तिथे शेतजमिनीचा वारसा राज्याच्या महसूल संहितेप्रमाणे ठरतो. वारसांची यादी पुरुष-स्त्री अशीच होती. 2020 साली दुरुस्ती करून तिथल्या सरकारने तृतीयपंथी वारसांना यादीत घेतले. राज्याच्या कायद्यातला एक शब्द किती एकरांचा असतो, ते यावरून कळावे.

दोन पुरुष किंवा दोन बाया जोडीने संसार करीत असतील, तर अडचण अजून शिल्लक आहे. असे संबंध 2018 पासून गुन्हा नाहीत. पण 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहाला मान्यता दिली नाही. म्हणजे एक गेला तर दुसऱ्याचे नाव वारस म्हणून आपोआप लागत नाही. त्यांनी मृत्युपत्राचा विचार वेळीच करावा. शेतजमीन असेल तर कूळकायद्यातील शेतकरी असण्याची अट वकिलाला आधी विचारून घ्यावी.

तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांना एवढेच सांगणे: वारसाचा अर्ज आला की ‘अपत्ये किती?’ हा प्रश्न नीट विचारा. घरी असलेली मोजा, घराबाहेर काढलेलीही मोजा. भादलीच्या अंजलीला कोर्टापर्यंत जाता आले. प्रत्येकीला ते जमेलच असे नाही.