संगणकाची पेटी उघडी ठेवावी काय?

अंबाजोगाई तालुक्यातील घाटनांदूर हे परळी-विकाराबाद लोहमार्गावरील गाव. बीड जिल्ह्यातील इतर गावांप्रमाणेच येथेही एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. अशा दिवसांत माणसाप्रमाणे यंत्रालाही उष्म्याचा त्रास होतो. २०११ मध्ये ‘संग्राम’ प्रकल्पाने राज्यातील ग्रामपंचायतींच्या संगणकीकरणास चालना दिली आणि २०१६ पासून ‘आपले सरकार सेवा केंद्रां’चे जाळे उभे राहिले. तेव्हापासून दाखले, नोंदी व अर्ज यांची कामे मोठ्या प्रमाणात संगणकावर होऊ लागली. भर दुपारी संगणक मंदावला किंवा आपोआप बंद पडला की अर्ज घेऊन आलेल्या शेतकऱ्याची खेप वाया जाते. यावर उपाय म्हणून पेटीचा बाजूचा पत्रा काढून ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी दृष्टीस पडते. ती कितपत योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उष्णता कोठून येते?

संगणक जी वीज घेतो, ती जवळजवळ सर्व अखेरीस उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. १०० वॅट वीज घेणारा संगणक म्हणजे खोलीत सतत चालू असलेली १०० वॅटची शेगडीच होय. या उष्णतेचा मोठा भाग प्रोसेसर या बोटभर आकाराच्या भागात निर्माण होतो. त्याच्यावर धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा व लहान पंखा बसविलेला असतो. प्रोसेसरचे तापमान साधारणपणे ९० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचले की तो स्वतःचा वेग कमी करतो; तरीही तापमान वाढतच राहिले तर संगणक बंद होतो. ही स्वसंरक्षणाची योजना आहे.

उष्णता वाहून नेणारे माध्यम थांबले की यंत्रही थांबते, हा नियम लहानमोठ्या सर्व यंत्रांना लागू आहे. घाटनांदूरच्या शेजारचे परळीचे औष्णिक विद्युत केंद्र याची साक्ष देते. अशा केंद्रास वाफेसाठी व यंत्रणा थंड ठेवण्यासाठी पाण्याचा मोठा साठा लागतो. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी ते केंद्र बंद ठेवावे लागले होते. संगणकात पाण्याचे हे काम हवा करते.

हवेचा पाट

१०० वॅट उष्णता वाहून नेताना हवा केवळ १० अंशांनी तापावी, अशी अपेक्षा असेल तर दर सेकंदाला सुमारे ८ लीटर हवा पेटीतून जावी लागते. म्हणजे दोन सेकंदांत तेलाचा पंधरा लीटरचा डबा भरेल इतकी हवा! यासाठीच पेटीची रचना विचारपूर्वक केलेली असते. थंड हवा सामान्यतः पुढून आत येते, सर्व भागांवरून वाहते आणि मागील पंख्यांद्वारे बाहेर पडते.

शेतातील पाटाचे उदाहरण घेऊ. बांध शाबूत असेल तर पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचते. पाट मध्येच फुटला तर फुटलेल्या जागी पाणी साचते आणि टोकाचा वाफा कोरडा राहतो. पत्रा काढल्यावर हवेचेही तसेच होते. स्वतःचा पंखा असलेल्या प्रोसेसरला खोलीतील ताजी हवा थेट मिळते व त्याचे तापमान काही अंशांनी उतरू शकते. परंतु हार्ड डिस्क आणि मदरबोर्डवरील वीजनियंत्रक भाग यांना बहुधा स्वतंत्र पंखा नसतो. ते वाहत्या हवेवरच अवलंबून असतात आणि प्रवाह तुटल्याने ते अधिक तापू शकतात. कार्यालयाची सारी नोंद हार्ड डिस्कवर असते, हे येथे लक्षात घ्यावे.

शिवाय हवेने थंड होणारा कोणताही भाग खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत ६५ अंशांवर चालणारा प्रोसेसर ४२ अंशांच्या खोलीत त्याच कामासाठी ८२ अंशांच्या आसपास राहील, मग पेटी उघडी असो वा बंद.

धूळ व इतर धोके

उघड्या पेटीसमोर टेबलपंखा लावला तर तापमान त्या दिवसापुरते निश्चित उतरते. मात्र त्याबरोबर रस्त्याची व शिवाराची धूळही आत जाते. ती पात्यांच्या फटींत साचते, हवेची वाट अडते आणि काही आठवड्यांत संगणक पूर्वीपेक्षा अधिक तापू लागतो. उघड्या पेटीत पाली, झुरळे व उंदीर शिरतात. एखादी टाचणी पडली तरी मंडल जोडले जाऊन मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. शाळेत तर फिरत्या पंख्याला मुलांची बोटे लागण्याचा धोका आहे. २३० व्होल्टचा वीजपुरवठा घेणारा एसएमपीएस स्वतःच्या बंद डब्यात असतो. तो डबा तारा काढल्यानंतरही उघडू नये.

पत्रा काढणे ही केवळ परीक्षा

तथापि पत्रा काढून पाहणे अगदीच निरुपयोगी नाही. एकाच खोलीत, तेच काम करीत, अर्धा तास पेटी बंद व अर्धा तास उघडी ठेवून प्रोसेसरचे तापमान नोंदवावे. दोन-चार अंशांचाच फरक आढळला तर पेटीतील हवा नीट वाहत आहे. फरक दहा-पंधरा अंशांचा असेल तर दोष बंद पेटीच्या आत आहे : पंखा थांबला आहे, जाळी धुळीने बुजली आहे किंवा तारांच्या गुंत्याने वाट अडली आहे. तो दोष दूर करून पत्रा पुन्हा बसवावा. दोन्ही वेळा तापमान फारच जास्त राहिले तर प्रोसेसरवरील पंखा व त्याखालील थर्मल पेस्ट जाणकाराकडून तपासून घ्यावी.

काळजी कशी घ्यावी?

संगणक भिंतीपासून वीतभर दूर व जमिनीपासून उंचावर ठेवावा. बंद कपाटात किंवा फाईलींच्या गठ्ठ्यांत तो कोंडू नये. धुळीपासून रक्षण करणारे कापडी आच्छादन संगणक चालू करण्यापूर्वी आठवणीने काढावे. दर दोन-तीन महिन्यांनी, उन्हाळ्यात त्याहून लवकर, वीजपुरवठा तोडून व पेटी अंगणात नेऊन मऊ ब्रश आणि ब्लोअरने धूळ काढावी. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. ओले फडके वापरू नये. खोलीत हवा खेळती ठेवणे आणि खिडकीतून येणारे ऊन अडविणे हेही तितकेच उपयुक्त आहे.

ही कामे अल्प खर्चाची आहेत. ग्रामपंचायतीने व शाळेने ती वेळापत्रकात समाविष्ट करून एका व्यक्तीवर सोपविली, तर सार्वजनिक पैशांतून घेतलेले यंत्र अधिक काळ टिकेल आणि उन्हातून आलेल्या ग्रामस्थाला उद्या या, असे सांगण्याची वेळ सहसा येणार नाही.