विमानतळावर किती आधी पोचायचं? एक साधा हिशेब

आजच्या भागाची सुरुवात माझ्या फजितीपासून.

पुण्याहून दिल्लीची फ्लाइट होती, सकाळी ९:१० ची. दुपारी ३ वाजता दिल्लीत इंटरव्ह्यू. कोथरूडहून कॅब केली, येरवड्याच्या पुढे पावसात अडकले आणि काउंटरवर पोचले ८:१८ ला. मनात म्हटलं, चला, अजून बावन्न मिनिटं आहेत. काउंटरवरच्या मुलीने शांतपणे सांगितलं, "मॅडम, बॅगेज ८:१० ला बंद झालं." विमान तिथेच उभं होतं. पुढची सीट मिळत होती ती थेट संध्याकाळची. तिकिटाचे पैसे गेले ते गेलेच, पण इंटरव्ह्यू गेला तो परत आला नाही.

घरी फोन केला तेव्हा बाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरी, गाडीने आपली वाट बघायची नसते, आपण गाडीची बघायची असते." आमचे बाबा साताऱ्याचे. एसटी पकडायलासुद्धा स्टँडवर तासभर आधी जाऊन बसणारे. त्यावर मी आयुष्यभर हसत आले होते.

तर प्रश्न असा: नेमकं किती आधी जायचं? "दोन तास" हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं. पण ते येतं कुठून?

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तिकिटावरची वेळ ही तुमची वेळ नाहीच. ती विमानाची वेळ. तुमच्या वेळा दोन. पहिली, चेक-इन काउंटर बंद होण्याची. देशातल्या फ्लाइटला ती बहुतेक कंपन्यांकडे ६० मिनिटं आधीची असते. दुसरी, बोर्डिंग गेट बंद होण्याची, ती साधारण २५ मिनिटं आधीची. प्रत्येक कंपनीची वेळ तिकिटावर किंवा वेबसाइटवर लिहिलेली असते, ती एकदा बघून ठेवा. आता गंमत बघा. वेब चेक-इन केलेलं असेल आणि फक्त हातातली बॅग असेल, तर पहिली वेळ तुम्हाला लागूच होत नाही. म्हणजे त्या दिवशी माझ्याकडे मोठी सुटकेस नसती, तर ८:१८ ला पोचूनही मला विमान मिळायची बरीच शक्यता होती. एका सुटकेसची किंमत पस्तीस मिनिटं!

आता उलटं मोजत या. काउंटर ८:१० ला बंद. बॅग द्यायच्या रांगेला वीस मिनिटं, दारावर सीआयएसएफचे जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतात त्याला दहा. म्हणजे दाराशी ७:४० ला. सिक्युरिटीची रांग त्यानंतर, म्हणून ती दुसऱ्या वेळेत मोजायची. डिजियात्रा ॲप असेल तर दारावरची रांग बरेचदा लहान असते, पण सिक्युरिटीच्या तपासणीतून कुणाचीच सुटका नाही.

खरा घोळ मात्र विमानतळावर होत नाही, रस्त्यावर होतो. कोथरूड ते लोहगाव, एरवी पाऊण तास. पण "एरवी" या शब्दावर विसंबून चालत नाही. सरासरी पाऊण तास म्हणजे कितीतरी दिवशी त्यापेक्षा जास्त! गुगल मॅप्समध्ये निघायची वेळ आधी टाकून बघता येते. तिथे तो एक आकडा देत नाही, "इतक्यापासून इतक्यापर्यंत" असं दाखवतो. त्यातला मोठा आकडा धरा. पुण्याहून मुंबईला जाऊन फ्लाइट पकडणार असाल, तर बोरघाटात ट्रक बंद पडला की काय होतं हे मी सांगायला नको.

मग पाच तास आधीच जावं का? नाही. इथे एक मजेशीर विचार आहे. जॉर्ज स्टिगलर नावाचे अर्थशास्त्रज्ञ होते, १९८२ चे नोबेलविजेते. त्यांच्या नावावर एक मत सांगितलं जातं: तुमचं विमान कधीच चुकत नसेल, तर तुम्ही विमानतळावर फार वेळ वाया घालवताय.

ऐकायला उद्धट वाटतं, पण आकडे मांडून बघू. हे आकडे मी समजण्यापुरते धरलेत. तुमचा अर्धा तास १०० रुपयांचा, आणि फ्लाइट चुकली तर ८,००० चं नुकसान. अगदी कट-टू-कट निघालात तर चुकायची शक्यता १० टक्के. अर्धा तास आधी निघालात, ती २ टक्क्यांवर आली. आठ टक्के कमी, म्हणजे ६४० रुपयांचा फायदा, खर्च १००. जरूर निघा. आणखी अर्धा तास आधी, शक्यता अर्ध्या टक्क्यावर. फायदा १२०, खर्च १००. ठीक, जेमतेम. त्याहून आणखी अर्धा तास, शक्यता ०.१ टक्का. फायदा ३२ रुपये, खर्च १००. आता मात्र घरी चहा प्या.

पण यातच त्या मताची मर्यादाही दिसते. जो वर्षातून शंभर वेळा उडतो, त्याला एखादं विमान चुकणं परवडतं. ज्याचं अख्खं वर्ष त्या एका फ्लाइटवर अवलंबून आहे, त्याला नाही. नुकसान ८,००० ऐवजी एक लाखाचं धरा: तोच शेवटचा अर्धा तास आता ४०० रुपयांचा होतो. म्हणजे जायलाच हवं. इंटरव्ह्यू, परीक्षा, व्हिसा, घरातलं कुणी आजारी, परदेशची फ्लाइट: इथे बाबांचा नियम. वीकेंडला मित्रांकडे: इथे स्टिगलरांचा.

दोन छोट्या गोष्टी. एक, विमानतळ नीट वाचा. मुंबईत टी-१ आणि टी-२ वेगळ्या ठिकाणी आहेत, गोव्यात दाबोळी वेगळं आणि मोपा वेगळं. दोन, फ्लाइट चुकलीच तर तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मागता येतं. मागा, लाजू नका.

आणि हो, गेल्या वर्षी बाबा पहिल्यांदा विमानात बसले. पुण्याहून बंगळूर. मी माझा हिशेब समजावला, त्यांनी ऐकून घेतला, आणि आम्ही साडेतीन तास आधी पोचलो. मी वैतागले होते. बाबा मात्र काचेला चिकटून विमानं मोजत बसले, डब्यातली थालीपिठं काढली, शेजारच्या आजोबांना दिली, त्यांच्या गावाची चौकशी केली. तेव्हा कळलं, माझ्या हिशेबात अर्ध्या तासाची किंमत १०० रुपये होती. बाबांच्या हिशेबात ती शून्य होती, कारण त्यांचा तो वेळ वाया जातच नव्हता.

म्हणजे गणित दोघांचंही बरोबर होतं. फक्त आपला आकडा आपणच टाकायचा असतो.

भेटू पुढच्या भागात. वेळेवर या!