पाण्यात उतरणाऱ्या बाळाचा लंगोट

सुट्ट्या लागल्या की गणपतीपुळे, गुहागर, हर्णैकडे पुण्या-मुंबईची माणसं येतात. आपल्यातल्या काही जणींनी घरातल्या खोल्या पाहुण्यांना राहायला दिल्या आहेत. कुणी अंगणात छोटा तलाव बांधलाय, कुणी मुलांसाठी फुगवायचा टब आणलाय. मग गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "पाहुण्यांचं बाळ डायपर घालून पाण्यात सोडलं तर चालतं का गं?"

नेहमीचा डायपर असेल तर नाही. त्याच्या आतल्या थरात साखरेसारखे बारीक दाणे असतात. पाणी लागलं की ते भिजवलेल्या सब्जासारखे फुगतात आणि ओल धरून ठेवतात. शू शोषायला हे उत्तम. पण तलावात उतरल्यावर त्यांना शू कुठली आणि पाणी कुठलं, हे काय कळणार? ते तलावच प्यायला लागतात! एक नवा डायपर बादलीत बुडवून बघा, केवढा जड गोळा होतो ते. हा गोळा बाळाच्या कमरेवरून घसरतो, फाटला तर आतला चिकट गर पाण्यात पसरतो. खाऱ्या पाण्यात दाणे कमी फुगतात, तरी डायपर भिजून जड होतोच.

पोहण्यासाठी वेगळा डायपर मिळतो, त्याला स्विम डायपर म्हणतात. तो पाणी साठवून ठेवत नाही, त्यामुळे तसा फुगत नाही. कमरेला आणि मांड्यांना मात्र घट्ट रबर असतं. त्याचं काम एकच, शी आत अडवायची. शू गाळणीतून जावी तशी बाहेर जाते. म्हणून घरून निघतानाच घालू नये, नाहीतर गाडीची सीट भिजलीच समजा. पाण्यात उतरायच्या जरा आधी घालावा.

एक प्रकार वापरून टाकायचा, दुसरा पोहण्याच्या कपड्यासारख्या कापडाचा, धुऊन पुन्हा घालायचा. मला विचाराल तर धुवायचा घ्यावा. माप मात्र नीट बघा. मांडीशी फट राहिली तर सगळं व्यर्थ, आणि वळ उठेल इतका घट्टही नको.

आता महत्त्वाचं. शी अडली म्हणजे जंतू अडले असं नाही. पातळ शी कुठल्याही डायपरमधून पाण्यात उतरते. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाबाचा एक जंतू आहे, तो योग्य प्रमाणात क्लोरीन टाकलेल्या पाण्यातही सात दिवसांहून जास्त जगतो. मुलं खेळताना पाणी गिळतात. एका बाळाचं दुखणं असं चार घरांत जातं. म्हणून जुलाब होत असलेलं मूल पाण्यात नको, कितीही महाग डायपर असो. जुलाब या जंतूमुळे झाले असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर थांबल्यावरही दोन आठवडे नको.

पाहुण्यांना हे तोंडावर सांगायला संकोच वाटतो, मला कळतं. मग तलावाजवळ पाटी लावा: "लहान मुलांना स्विम डायपर घालावा. जुलाब असल्यास पाण्यात उतरवू नये." दर तासाला डायपर बघायला सांगा. बदलायचा तो पाण्यापासून लांब, आणि नंतर हात साबणाने धुवायचे. टबातलं पाणी रोज ओतून द्या, टब घासून उन्हात वाळवा. पाण्यात शी झालीच, तर आधी सगळ्या मुलांना बाहेर काढा.

आणि हा डायपर बाळाला तरंगवत नाही हो. मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच, टबातसुद्धा.

वापरलेल्या डायपरमधली शी संडासात टाकावी, डायपर नाही, तो अडकून संडास तुंबतो. घनकचरा नियमांत डायपर सॅनिटरी कचऱ्यात धरलाय. तो कागदात नीट गुंडाळून कचरागाडीत द्यायचा. चुलीत, वहाळात किंवा किनाऱ्यावरच्या वाळूत नको. खोलीत झाकणाची वेगळी बादली ठेवलीत, तर पाहुणे तो खिडकीतून मागच्या परसात भिरकावणार नाहीत.