जास्त मासे लागले म्हणजे जास्त मासे आहेत का?

पीएचडीचा विषय अजून ठरायचा असेल, तर एक मोह हमखास होतो. कुठेतरी आयता डेटा सापडतो, आकडे स्वच्छ असतात, ग्राफही छान वर जाताना दिसतो. मग वाटतं, चला, पेपर झालाच! पेपर जरूर लिहा. फक्त त्याआधी त्या आकड्याला एक प्रश्न विचारा: बाबा रे, तू नक्की काय मोजतोस?

हा प्रश्न का विचारायचा, ते समजायला आज जरा लांबचं उदाहरण घेऊया. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका या देशाचा पॅसिफिक किनारा आणि तिथली उन्हाळ्यातली हौशी मासेमारी. कोकणात लोक गरी घेऊन खडकावर गरवायला बसतात, तसाच हा छंद. पण इथे बोट भाड्याने घेऊन खोल समुद्रात जातात, बोटीमागे आमिष ओढत फिरतात आणि सेलफिशसारखे मोठे मासे गळाला लावतात. सेलफिश म्हणजे पाठीवर शिडासारखा उंच पर आणि तोंडाला भाल्यासारखं टोक असलेला मासा. तो सहसा पकडून परत सोडून देतात.

बोटीचे कप्तान रोजचा हिशोब ठेवतात: किती मासे आमिषामागे वर आले, किती गळाला लागले, किती सोडले. त्यातून एक आकडा निघतो, एका बोटीला एका दिवसात किती मासे. मत्स्यविज्ञानात याला 'प्रति-प्रयत्न पकड' म्हणतात. बोलताना सगळे सीपीयूईच म्हणतात. समुद्रात मासे किती आहेत याचा अंदाज बांधायला हा आकडा जगभर वापरला जातो. कारण साधं आहे, समुद्रातले मासे थेट मोजता येत नाहीत.

आधी 'उन्हाळा' म्हणजे काय ते बघा

कोस्टा रिका विषुववृत्ताच्या उत्तरेला, साधारण १० अंशांवर आहे. तिथले लोक डिसेंबर ते एप्रिल या कोरड्या महिन्यांना उन्हाळा म्हणतात आणि पावसाच्या महिन्यांना हिवाळा. म्हणजे कॅलेंडरवरचा उन्हाळा वेगळा आणि तिथल्या माणसाचा वेगळा. परक्या ठिकाणचा डेटा हातात घेताना 'सीझन' या रकान्यात नेमकं काय भरलंय, हे आधी तपासायचं, ते यासाठीच.

या कोरड्या महिन्यांत केपोस आणि एर्रादुरा या मध्य भागातल्या बंदरांचा सेलफिशचा मोसम असतो. पाऊस नसल्यामुळे नद्यांचा गढूळ लोंढा कमी होतो आणि निळं स्वच्छ पाणी किनाऱ्याच्या जवळ येतं. डोंगररांगांच्या आडोशामुळे समुद्रही बऱ्यापैकी शांत असतो.

आता त्याच देशात थोडं उत्तरेला, ग्वानाकास्ते भागात या. महिने तेच, पण चित्र उलटं. कॅरिबियन समुद्राकडून येणारे वारे निकाराग्वाच्या सखल भागातून वाट काढून पॅसिफिकवर जोरात येतात. यांना पापागायो वारे म्हणतात. ते पृष्ठभागावरचं गरम पाणी ढकलतात आणि खालचं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. या वाऱ्यात कित्येक दिवस बोटी बंदरातच उभ्या राहतात. तिथला चांगला मोसम वारे पडल्यावर, साधारण मे ते ऑगस्टमध्ये येतो.

म्हणजे फक्त केपोसचा ग्राफ बघितला तर वाटेल, सेलफिशला कोरडा ऋतू आवडतो. फक्त ग्वानाकास्तेचा बघितला तर वाटेल, पावसाळा आवडतो. आवड माशाची, की बोटींची सोय? एका बंदराच्या आकड्यांवरून हे सांगता येणार नाही.

पाण्याखालची फरशी

खरी गंमत मात्र पाण्याखाली आहे. उष्ण कटिबंधातल्या पूर्व पॅसिफिकमध्ये वरचा गरम थर फार पातळ असतो. त्याच्या खाली तापमान एकदम घसरतं; या घसरणीच्या पट्ट्याला थर्मोक्लाइन म्हणतात. आणि त्याखालच्या पाण्यात ऑक्सिजन फार कमी असतो. कारण वरच्या थरात प्लवक भरपूर वाढतं, मरतं, खाली जातं आणि ते कुजवताना जीवाणू ऑक्सिजन संपवून टाकतात.

सेलफिश, मार्लिन, ट्यूना हे वेगाने पोहणारे मासे आहेत. त्यांना ऑक्सिजन भरपूर लागतो. त्यामुळे हा थंड, कमी ऑक्सिजनचा थर त्यांच्यासाठी जवळजवळ फरशीसारखा असतो. क्वचित खाली बुडी मारतील, पण राहणार नाहीत.

एरिक प्रिन्स आणि फिलिप गुडयिअर या दोघांनी २००६ मध्ये हे नीट मांडलं. त्यांनी माशांना इलेक्ट्रॉनिक टॅग लावले. हा टॅग खोली आणि तापमान नोंदवतो, ठरल्या दिवशी सुटून वर तरंगतो आणि उपग्रहामार्फत माहिती पाठवतो. दिसलं असं, की पूर्व पॅसिफिकमध्ये ही फरशी बऱ्याचदा अवघ्या २५ मीटरवर असते आणि मासे तिच्या वरच राहतात. पश्चिम-उत्तर अटलांटिकमध्ये ऑक्सिजनची अडचण नाही, त्यामुळे तिथे अशी फरशीही नाही. याला त्यांनी अधिवासाचं 'आकुंचन' म्हटलं.

आता साधा हिशोब करू

पुढचे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत. समजा एका पट्ट्यात १,००० मासे आहेत आणि ते १०० मीटर खोलीत सारखे पसरलेत. बोटीचं आमिष वरच्या १० मीटरपर्यंतच पोचतं. म्हणजे आमिषाच्या टप्प्यात १०० मासे.

आता फरशी वर आली, थर २५ मीटरचा झाला. मासे तेवढेच, १,०००. पण वरच्या १० मीटरमध्ये आता ४०० मासे आहेत. पकड चौपट! कप्तान खूश, पर्यटक खूश.

आता निम्मे मासे मेले असं समजा. उरले ५००. वरच्या १० मीटरमध्ये २००. म्हणजे मासे निम्मे झाले, तरी पकड पहिल्यापेक्षा दुप्पटच दिसते.

खरे मासे असे सारखे पसरत नाहीत हे उघड आहे, सेलफिश तर एरवीही वरच जास्त असतो. पण हिशोबाची दिशा बदलत नाही. पाठ्यपुस्तकात हेच एका ओळीत असतं: सीपीयूई = क्यू × एन. एन म्हणजे मासे किती, आणि क्यू म्हणजे ते हाती लागणं किती सोपं. बहुतेक जण क्यू स्थिर आहे असं धरून चालतात आणि सगळा बदल एनच्या खात्यावर टाकतात. उन्हाळ्यातला वारा, पाण्याचा रंग, फरशीची खोली या सगळ्या गोष्टी क्यू बदलतात.

बोटींमुळेही क्यू बदलतो

क्यू फक्त समुद्र बदलत नाही, माणसंही बदलतात. या डेटात तीन गोष्टी तरी शोधा.

एक, बोट खराब हवामानात निघतच नाही. म्हणजे वाईट दिवस नोंदीतच नाहीत.

दोन, कप्तान रेडिओवर बोलतात. एकाला मासे दिसले की बाकीचे तिकडेच वळतात. नोंदी वीस बोटींच्या असतील, पण त्या समुद्राचे वीस स्वतंत्र नमुने नाहीत.

तीन, उद्दिष्ट बदलतं. पावसात नद्यांतून ओंडके वाहून येतात, त्यांच्याखाली दोरादो नावाचे मासे जमतात आणि बोटी त्यांच्या मागे जातात. त्या दिवशी सेलफिश कमी लागला, कारण त्याला कोणी शोधतच नव्हतं.

टॅगचा डेटाही याला अपवाद नाही बरं का. टॅग लागतो तो आधी गळाला लागलेल्या माशालाच. मग खोलवर राहणारा मासा त्यात येणार कसा?

एवढं कशाला बघायचं?

कारण या आकड्यांवर निर्णय होतात. कॅनडात न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. साठा घटत होता, पण उरलेले मासे दाटीने एकत्र येत होते आणि व्यापारी बोटींची प्रति-प्रयत्न पकड चांगलीच दिसत होती. १९९२ मध्ये ती मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो लोकांचा रोजगार गेला. या प्रकाराला 'हायपरस्टॅबिलिटी' म्हणतात: साठा घसरतो, निर्देशांक मात्र ढिम्म उभा.

आणि फरशी जागेवर थांबलेली नाही. श्ट्रामा आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं, की उष्ण कटिबंधातल्या ईशान्य अटलांटिकमध्ये १९६० ते २०१० या काळात अशा माशांना पुरेसा ऑक्सिजन असलेल्या थराचं आकारमान सुमारे १५ टक्क्यांनी घटलं. ही फरशी वर सरकत असताना पकड चांगली दिसणं ही आनंदाची बातमी असेलच असं नाही. मासे पृष्ठभागावरच्या गळांना आणि जाळ्यांना जास्त सहज सापडत असतील.

तुमच्यासाठी एक सराव

आपल्या अरबी समुद्रातही कमी ऑक्सिजनचा मोठा थर आहे. पावसाळ्यात खालचं पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागात वर येतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तिथला ऑक्सिजन फार खाली जातो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी यावर बरंच काम केलंय. आणि जून-जुलैची यांत्रिक बोटींची बंदी उठल्यानंतर तांडेल समुद्रात उतरतात, तेही याच्या आगेमागेच.

आता समजा, बंदीनंतरची पकड चांगली आली. मासे बंदीमुळे वाढले, की कमी ऑक्सिजनमुळे एका पट्ट्यात दाटले? हे दोन वेगळे करायला कोणता डेटा लागेल? निदान तीन गोष्टी लिहा. सुरुवात मी करून देतो: पकडीच्या नोंदीबरोबर त्याच दिवशीचं, त्याच जागेचं ऑक्सिजनचं मोजमाप खोलीनुसार हवं.

तुमचा विषय मासे नसला तरी चालेल. दवाखान्यातल्या नोंदी, पोलिसांकडच्या तक्रारी, शाळेचे निकाल, सगळीकडे एक एन असतो आणि एक क्यू. तक्रारी वाढल्या म्हणजे गुन्हे वाढले, की तक्रार करणं सोपं झालं? गाईडला भेटायला जाताना वहीत दोन रकाने करून जा: माझ्या आकड्यात एन काय आहे आणि क्यू काय आहे. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर पेपर लिहायची वेळ अजून आलेली नाही.